कुठले १२० तास?

चिरंजीव,

शाळेच्या जुन्या ग्रुपवर तू टाकलेलं प्रमाणपत्र पाहिलं. सोनेरी शिक्का, निळी फीत, कुणाची तरी झोकदार सही आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘१२० तासांचा टेफल अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण’. त्याखाली अंगठ्यांची ही भली मोठी रांग. माझा अंगठा त्यात दिसला नाही म्हणून रात्री वेगळा निरोप पाठवलास, ‘बाई, बघितलं का?’ बघितलं. आता मी काय म्हणते ते ऐक, आणि मधे बोलू नकोस.

पैसे भरलेस एका शुक्रवारी आणि त्याच्या पुढच्या रविवारी प्रमाणपत्र हातात. तेही रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पतपेढीत बसून. कुठले रे १२० तास? रात्री जेवल्यावर अंथरुणात मोबाइल छातीवर ठेवून चाललेले ते व्हिडिओ, त्यातले निम्मे दीडपट वेगानं पळवलेले, आणि शेवटी चार पर्यायांतून एक निवडायच्या चाचण्या. त्याही चुकल्या तर पुन्हा द्यायची सोय. तूच सांगितलंस हे, मोठ्या कौतुकानं. ‘बाई, एकदम सोपं होतं!’ सोपं होतं याचीच तर मला धास्ती वाटते. पी हळद अन् हो गोरी, असं शिक्षकाच्या धंद्यात कधी झालेलं मी तरी पाहिलं नाही.

निवडलास कसा हा कोर्स? तर म्हणे ८० टक्के सूट होती आणि ती त्याच रात्री बारा वाजता संपणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पान पुन्हा उघडून पाहिलंस? सूट तिथेच असणार, घड्याळ परत बारा तासांवर आणून ठेवलेलं. अरे, मंडईत पाव किलो वांगी घेताना तू देठ उचलून कीड बघणारा माणूस. आणि ज्याच्या जिवावर परमुलखात पोटाला लागायचं, त्या शिक्षणाला एक प्रश्न विचारला नाहीस? मला एक फोन तरी करायचास. मी काही अजून मेलेली नाही.

टेफल हे कुठल्या परीक्षेचं नाव नाही, कुठल्या विद्यापीठाचंही नाही. परक्या भाषेच्या लोकांना इंग्रजी शिकवणं, एवढाच त्या चार अक्षरांचा अर्थ. त्यावर कुणाची मालकी नाही. उद्या मी माझ्या ओसरीवर पाटी लावून टेफलचे वर्ग काढले आणि छापखान्यातून सोनेरी शिक्क्याची प्रमाणपत्रं आणली, तर मला कोणी अडवणार नाही. ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ असं त्यावर छापलं तरी नाही, कारण असल्या कोर्सांना मान्यता देणारी सगळ्या जगाची मिळून एक संस्था अस्तित्वातच नाही. मग मान्यता देतं कोण? कुणीतरी खासगी मंडळ. ते कधी खरं असतं, आणि कधी कोर्स विकणाऱ्याच्याच भावाबंदांनी काढलेलं असतं. तुझ्या प्रमाणपत्रावर ज्या मंडळाचं नाव आहे, त्याचा पत्ता कुठला, ते आणखी कोणाला मान्यता देतं, मान्यता देण्यापूर्वी कोणाच्या वर्गात जाऊन बसतं, हे शोधायला तुला दहा मिनिटं पुरली असती.

आणि त्यावर मिरवलेलं ते ‘लेव्हल ५’. इंग्लंडमध्ये पात्रतांवर नजर ठेवणारं ऑफक्वाल नावाचं सरकारी खातं आहे आणि त्याची यादी कोणालाही बघता येते. तिथे नाव असलं तर पातळी खरी. पण पातळी सांगते ती अभ्यास किती अवघड आहे ते. तू कधी वर्गासमोर उभा राहिलास का, हे पातळी सांगत नाही. एकाही विद्यार्थ्याचं तोंड न बघता घरबसल्या मिळणारी लेव्हल ५ची प्रमाणपत्रं बाजारात आहेत, आणि ती खोटी नाहीत, हीच तर गोम आहे.

आता खऱ्याची गोष्ट ऐक.

१९६२ साली लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट नावाच्या गृहस्थांनी इंग्रजी शिकवू पाहणाऱ्यांसाठी एक छोटा वर्ग काढला. त्यांची स्वतःची भाषाशाळा होती, तिला शिक्षक हवे होते, आणि इंग्रज माणूस म्हणजे इंग्रजीचा शिक्षक हे खरं नाही हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. व्याख्यानं थोडी, खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहणं जास्त, असा तो खाक्या. त्याच रोपट्याचं पुढे जे झाड झालं ते १९८८पासून केंब्रिजकडे आहे आणि आज त्याला सेल्टा म्हणतात. त्याच तोलाचा दुसरा कोर्स लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा, सर्टटेसोल. सेल्टाचे तास किमान १२०, ट्रिनिटीचे १३०. तुझ्याही कागदावर १२०च आहेत, नाही का? आकडा उचलायला काय जातं! त्यांचे १२० तास म्हणजे शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली घालवलेले तास. घरी धड्याचं टाचण काढत बसायचं, लेखी काम करायचं, ते वेगळं. आणि त्यातले सहा तास म्हणजे खरे, जिवंत, वयानं वाढलेले विद्यार्थी समोर बसलेत आणि तू शिकवतोयस असे. तेही एकाच पातळीच्या विद्यार्थ्यांना नाही. निदान दोन पातळ्यांच्या वर्गांना शिकवावं लागतं.

तुला वाटेल, सहाच तास? त्यात काय मोठंसं? तर मग ते सहा तास कसे जातात ते सांगते. चाळीस मिनिटांचा पाठ. आदल्या रात्री टाचण काढायचं: कुठल्या मिनिटाला काय, कोण बोलणार, विद्यार्थी आपापसांत की तुझ्याशी, कुठे अडतील आणि अडले तर तू काय करशील. सकाळी तू फळ्यापाशी. मागच्या खुर्चीत प्रशिक्षक, मांडीवर वही. शेजारी तुझेच चार-पाच सहाध्यायी, तेही लिहितायत. तू बोलायला लागलास की ते तुझी बडबड मोजतात. विद्यार्थ्यांनी बोलायचं सोडून तूच किती बोललास, सूचना तीनदा का द्यावी लागली, खिडकीजवळच्या बाईला एकदाही प्रश्न का विचारला नाहीस. पाठ संपला की गोल करून बसायचं आणि सगळ्यांदेखत ते ऐकायचं. मोठमोठे अनुभवी मास्तर तिथे रडताना दिसतात. दुसऱ्या दिवशी परत उभं राहायचं. एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक कोर्सला बाहेरून एक तपासनीस येतो आणि शिकवणाऱ्यांनी दिलेला निकाल बरोबर आहे का ते बघतो. ट्रिनिटीकडे तर आणखी एक खोडी आहे, आणि मला ती फार आवडते. तुला मुळीच न येणारी एखादी भाषा काही तास शिकायला बसवतात आणि तुझी कशी भंबेरी उडाली ते लिहून मागतात. आपण ज्यांना शिकवणार, त्यांच्या बाकावर एकदा बसून बघ म्हणावं.

आता तुझी छोटी परीक्षा. मघाशी सोपं होतं म्हणालास ना?

समोर दहा व्हिएतनामी माणसं आहेत. त्यांना मराठी येत नाही, तुला व्हिएतनामी येत नाही. शिकवायचं वाक्य, ‘ही यूज्ड टू स्मोक’. शिकव. ‘यूज्ड टू म्हणजे भूतकाळातली सवय’ असं इंग्रजीत सांगशील? सवयीसाठीचा इंग्रजी शब्द त्यांना येत असता तर ते तुझ्याकडे कशाला आले असते! मग शेवटी विचारशील, ‘अंडरस्टँड?’ दहाही माना हलतील. जगात सगळीकडे हलतात. तुझीही दहावीपर्यंत हलायची, आणि पेपरात काय उजेड पडायचा ते मला ठाऊक आहे. खरा शिक्षक ‘समजलं का’ विचारत नाही. तो फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो, मधे ‘आज’ची खूण करतो, रेघेच्या मागच्या भागात फुल्या काढतो आणि विचारतो: आज ओढतो? नाही. पूर्वी ओढायचा? हो. एकदाच? नाही, पुष्कळदा. तीन प्रश्न, एक-दोन शब्दांची उत्तरं, आणि कुणाला कळलं नाही ते लगेच उघडं पडतं. हे तीन प्रश्न आधी घरी बसून लिहावे लागतात. ते आयत्या वेळी सुचत नाहीत. तुझ्या कोर्सात यावर एक व्हिडिओ असेलही, मी नाही म्हणत नाही. पण तुझे तीन प्रश्न चुकले तेव्हा मागे बसून कोणी ते लिहून घेतलं होतं का?

आणखी एक. व्हिएतनामी माणूस इंग्रजी शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळतो. ‘नाइस’, ‘नाइट’, ‘नाइन’ तिन्ही त्याच्या तोंडून बरेचदा ‘नाइ’ असेच येतात. अरबी भाषेत प नाही, म्हणून तिकडचा मुलगा ‘पार्क’ला ‘बार्क’ म्हणतो. हे त्यांचं. तुझं काय? आपण मराठी माणसं व्ही आणि डब्ल्यू एकाच मापानं मोजतो, आणि ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ म्हणताना आपल्याला काही खटकत नाही, कारण ‘मी त्याला काल बघितलंय’ हे आपल्या कानाला सरळ लागतं. व्याकरणाच्या या गाठी स्वतःच्या बोलण्यातून सोडवल्याशिवाय दुसऱ्यांच्या सोडवायला जायचं नसतं. सेल्टाला प्रवेश देतानाच ते भाषेचा पेपर सोडवून घेतात, मुलाखत घेतात आणि कच्चा वाटला तर परत पाठवतात. तुझ्या कोर्सनं आजवर कोणाला परत पाठवलंय का, विचार त्यांना. जो कोर्स कार्ड चालणाऱ्या प्रत्येकाला आत घेतो, तिथून मिळालेल्या कागदाची किंमत नोकरी देणाऱ्यालाही ठाऊक असते.

बरं, जायचंय कुठे? ‘कुठेही, बाई’, म्हणालास. कुठेही नावाचा देश नकाशात दाखव मला.

आधी देश, मग त्या देशाचा नियम, मग कोर्स. तू आधी कळस चढवलास आणि आता पायाला जागा शोधत हिंडतोयस. चीनमध्ये इंग्रजी शिकवायचा परवाना साधारणपणे इंग्रजी मातृभाषा मानलेल्या मोजक्या देशांच्या नागरिकांना मिळतो, आणि त्यात भारत नाही. शिवाय २०२१च्या जुलैत तिथल्या सरकारनं खासगी शिकवण्यांवर असा वरवंटा फिरवला की तो धंदाच बसला. दक्षिण कोरियाच्या शिक्षकांच्या व्हिसालाही अशाच सात देशांची यादी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१०पासून लागू असलेल्या व्यापार करारामुळे भारतीयाला तिथे एक फट आहे खरी, पण त्या फटीतून आत जायला पदवी आणि इंग्रजीचा शिक्षक म्हणून रीतसर पात्रता लागते. तुझी पदवी बी.कॉम. थायलंडच्या शाळेत उभं राहायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सवलत लागते, आणि आपल्यासारख्यांकडून शाळा बहुधा टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. आखातातल्या चांगल्या शाळा पहिला प्रश्न विचारतात तो बी.एड.चा. टेफल म्हटलं की ते ‘बरं’ म्हणून पुढच्या अर्जाकडे वळतात. दुबईला जायचं तर तुझ्या पदवीवर आधी राज्य सरकारची, मग परराष्ट्र मंत्रालयाची, मग त्यांच्या वकिलातीची मोहोर लागणार. त्या मोहोरा गोळा करण्यातच अर्धा पावसाळा जाईल, आणि कोर्स विकणाऱ्यानं त्याबद्दल तुला अवाक्षर सांगितलं नसेल.

हा अन्याय आहे, हे मला मान्य आहे. आयुष्यभर इंग्रजीत शिकलेल्या केरळच्या बाईला ‘तुम्ही नेटिव्ह नाही’ म्हणून दारातून परत पाठवायचं आणि ज्याला क्रियापद म्हणजे काय ते सांगता येत नाही अशा एखाद्या गोऱ्या पोराला खुर्ची द्यायची, हे चाललंय आणि ते चूकच आहे. पण म्हणूनच तुला पोचट कागद परवडत नाही. त्याचं पासपोर्टवर भागतं, तुझं भागणार नाही. तुला त्याच्या दुप्पट खरं असावं लागेल.

आणि सगळी अक्कल लंडनला मिळते असं मी म्हणतेय असा समज करून घेऊ नकोस. १९५८पासून हैदराबादला इंग्रजी शिकवण्याचं शिक्षण देणारी संस्था आहे. तीच आज इफ्लू म्हणून केंद्रीय विद्यापीठ झाली आहे. इथून रात्रीची गाडी धरली की सकाळी पोचतोस. कधी नाव ऐकलंस? १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू नावाच्या आपल्या माणसानं बंगळूरच्या आणि दक्षिणेतल्या आणखी काही साध्या शाळांतून एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण सांगायचं नाही, सोडवायला कामं द्यायची. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब. काम करता करता भाषा आपोआप येईल असं त्यांचं म्हणणं. त्यावर उलटसुलट चर्चा झाली, अजून होते, पण आज जगभर ज्या टास्कवर आधारलेल्या शिकवण्याचा गाजावाजा आहे, त्याच्या मुळाशी हा बंगळूरचा प्रयोग आहे. तुझ्या कोर्सात ‘टास्क’ हा शब्द नक्की आला असेल. प्रभूंचं नाव आलं होतं का? परदेशातला मुख्याध्यापक सेल्टा चटकन ओळखतो, इफ्लूचा डिप्लोमा त्याला समजावून सांगावा लागतो, हे खरंच आहे. पण भाषा आणि शिकवणं यांची खोली म्हणशील तर माझं मत हैदराबादच्या बाजूला पडतं. पटलं तर बघ.

‘पण बाई, सेल्टाला लाखाच्या वर पैसे लागतात!’ लागतात. चार-पाच आठवड्यांचा पूर्ण वेळही लागतो, नोकरी सांभाळून होत नाही. सांभाळायचीच असेल तर अर्धवेळ किंवा ऑनलाइन वर्ग असतात, पण तिथेही पडद्यापलीकडे खरे विद्यार्थी बसलेले असतात आणि मागून कोणीतरी बघतच असतं. पैसे नसतील तर एक वर्ष थांब. त्या वर्षात नगरपालिकेच्या शाळेत जा, तिथल्या बाईंची परवानगी काढ आणि आठवड्यातून दोन तास सातवीला शिकव, फुकट. ज्या राज्यानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्या राज्यात सातवीच्या पोराला दोन धड वाक्यं अजून बोलता येत नाहीत. तेव्हा शिकवायला माणूस नको असं तुला कोणी म्हणणार नाही. महिनाभरात कळेल हे काम आपल्याला झेपतं की आपल्याला फक्त विमानात बसायचंय. विमानात बसायची हौस असेल तर तीही वाईट नाही, पण मग टेफलचं नाव कशाला पुढे करतोस? तिकीट काढ, फिरून ये.

स्वस्त ऑनलाइन कोर्स सगळे टाकाऊ, असंही मी म्हणत नाही. एखाद्या बी.एड. झालेल्या, पाच वर्षं वर्गात घाम गाळलेल्या शिक्षिकेला कागदी अट पुरी करायची असेल तर तिनं तो खुशाल घ्यावा. तिचं शिकवणं आधीच पिकलेलं आहे. तुझं अजून पेरलेलंही नाही.

आता त्या एजंटचं. तुझ्या आईनं फोन केला होता, म्हणून कळलं. ८०,००० मागतोय ना? आणि म्हणतोय, ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो.’ हे वाक्य कोणीही बोललं की तिथून उठायचं, चहा अर्धा राहिला तरी. पर्यटकाच्या व्हिसावर शिकवताना पकडला गेलास तर शाळा हात झटकेल, एजंट फोन उचलणार नाही आणि दंड, हद्दपारी तुझ्या वाट्याला येईल. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला १९८३च्या कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्यांची नावं ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर आहेत, आणि उमेदवाराकडून त्यांना घेता येणाऱ्या सेवाशुल्काची मर्यादा आहे ३०,००० रुपये अधिक जीएसटी, पावतीसकट. तुझ्या ८०,०००ला पावती देतो का तो? नोंदणी क्रमांक मागितलास?

उद्या सकाळी, कामाला जायच्या आधी, चार गोष्टी करायच्या. कोर्सवाल्यांचे पैसे परत मिळायची मुदत संपली नसेल तर अर्ज टाक. ग्रुपवरचं ते प्रमाणपत्र काढ. खालच्या वर्गांतली पोरं तुझ्याकडे बघून तिथेच पैसे भरतील आणि त्याचं पाप तुझ्या माथी येईल. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर घालून बघ. आणि मूळ पासपोर्ट त्याच्याकडे ठेवून आला असशील, तर बाकीचं सगळं सोडून आधी तो परत आण.

तुझ्या बाई